फोन आधी ग्राहकानं ठेवायचा

आमच्या हॉलमध्ये एक पद्धत होती. ती कोणी घालून दिली ते मला माहीत नाही, मी नोकरीला लागले तेव्हा होतीच. फोन आपण ठेवायचा नाही. ग्राहकानं ठेवला की मग आपण ठेवायचा. आणि ग्राहक ठेवणार कधी, तर पाणी आल्यावर. शेतकरी विहिरीवरून फोन लावायचा आणि म्हणायचा, "ताई, मोटार नुसती गुणगुण करायलीय, पाणी फेकंना." मग आम्ही त्याला एकेक गोष्ट करायला लावायचो. स्टार्टर बंद करा, फ्यूज बघा, पाइपात पाणी भरा, आता चालू करा. मधल्या वेळात तो फोन बांधावर ठेवून जायचा, आणि आम्ही हेडफोन कानाला लावून त्याच्या शेतातल्या साळुंक्या, ट्रॅक्टर आणि घरच्यांची बोलणी ऐकत बसायचो. मग लांबून ओरडणं यायचं, "आलं, आलं!" त्या आनंदात पुष्कळ जण फोन ठेवायलाही विसरायचे. आम्ही थांबायचो.

वाळूजच्या एका पंपांच्या कंपनीत हे आमचं काम. कंपनीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही, पंप सगळ्यांचे सारखेच बिघडतात. कारखान्याच्या वरच्या मजल्यावर तक्रारींचा विभाग होता आणि तिथं आम्ही बायकाच होतो. खाली पंप बनायचे, वर त्यांची गाऱ्हाणी यायची. खालचे पुरुष आम्हाला "एसीतल्या मैना" म्हणायचे. आमचा एसी निम्मं वर्ष बंद असायचा, पण नाव पडलं ते पडलं.

मग नवे मॅनेजर आले. त्यांनी आम्हाला एका खोलीत बसवलं, भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली आणि सांगितलं की पंप बनवणं हे कंपनीचं मुख्य काम आहे, फोन घेणं नाही. म्हणून फोनचं काम बाहेर द्यायचं ठरलंय. दुसऱ्या राज्यातल्या एका कंत्राटदाराकडं. तिथली मुलं मराठी बोलतात, त्यांच्याकडं यंत्रणा आहे, आणि ती चार मिनिटांत फोन संपवतात. चार मिनिटं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर असं काही कौतुक होतं की मला तिथंच उठून विचारावंसं वाटलं, साहेब, चार मिनिटांत माणूस स्टार्टरपासून विहिरीपर्यंत जाऊन तरी येतो का? विचारलंच मी. माझा स्वभाव तापट आहे, हे माहेर आणि सासर या दोघांनाही एकमतानं मान्य असलेली एकमेव गोष्ट आहे. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, प्रक्रिया समजून घ्या."

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही सगळ्याजणी बजाजनगरात युनियनच्या खोलीवर गेलो. टायरच्या दुकानावर ती खोली होती. अध्यक्ष वाइंडिंग खात्यातले, वयानं मोठे, सगळा कारखाना त्यांना चाचा म्हणायचा. आम्ही युनियनमध्ये जाऊन फार दिवस झाले नव्हते. वर्गणी भरायची आणि सभेला दांडी मारायची, एवढाच आमचा संबंध. चाचांनी तो हिशेब काढला नाही. चहा मागवला आणि विचारलं, "आता बोला. मैना लोकं, काय झालं?"

प्रतिनिधी म्हणून मला पुढं केलं गेलं. भांडायला बरी, एवढंच कारण.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर फर्दापूरची बसायची. तिला आम्ही तिच्या सासरच्या गावानंच ओळखायचो. तिचा नवरा तिकडं लेणी बघायला येणाऱ्या लोकांच्या हॉटेलात कामाला, आणि ती इकडं बजाजनगरात एका खोलीत मुलीला घेऊन राहत होती. मुलगी चांगल्या शाळेत होती आणि हुशार होती. सासरचे दर सणाला एकच म्हणायचे, नोकरी आहे तोवर ठीक आहे, नोकरी गेली की गाशा गुंडाळून गावाकडं यायचं. ती हे सगळं हसत सांगायची, पण त्या संध्याकाळी ती हसत नव्हती. जिना उतरताना तिनं माझा दंड धरला आणि म्हणाली, "ताई, मला परत नाय जायचं. तुम्ही काय पण करा."

मी म्हटलं, बघतेच कशी जाते तुझी नोकरी. असं बोलायला काय लागतं?

प्रकरण कामगार खात्यात गेलं. तिथले साहेब शांत होते, दोन्हीकडचं ऐकून घ्यायचे. कंपनीचं म्हणणं, सेवा तीच राहील, उलट सुधारेल. आमचं म्हणणं, सेवेचं वाटोळं होईल, कारण ज्याला आपल्या भागातल्या माणसाचं बोलणं समजत नाही त्याला त्याची मोटार काय समजणार? साहेब म्हणाले, मग एक आठवडा चाचणी घ्या. कंत्राटदाराच्या मुलांनी फोन घ्यायचे, तुमच्या बायकांनी शेजारी दुसरा हेडफोन लावून नुसतं ऐकायचं. कंपनी लगेच म्हणाली, किती फोन किती वेळात संपले ते मोजू. चाचा टेबलावर हात ठेवून म्हणाले, "नाय साहेब. फोन संपला म्हणजे तक्रार मिटली काय? त्याच माणसाचा परत फोन आला का, ते मोजा." साहेबांना पटलं. त्याच ग्राहकाचा परत फोन आला तर तक्रार मिटली नाही, आला नाही तर मिटली. हे माप आम्ही भांडून, मागून घेतलं. परतताना चाचांनी सगळ्यांना उसाचा रस पाजला.

चाचणीच्या आधी युनियनच्या खोलीवर सभा झाली. चाचा म्हणाले, "एक हफ्ता. कान खुले, मुँह बंद. समोरचा चुकला तरी बोलायचं नाय. पंप जळायला लागला तरी बोलायचं नाय. कुछ भी नक्को बोलना." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पुन्हा एकदा, जरा चढ्या आवाजात, तेच सांगितलं. माझ्यावर विश्वास होता म्हणा, की माझी भीती होती म्हणा, कोणी हूं की चूं केलं नाही.

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. कंत्राटदारानं आमच्या हॉलमध्ये त्याची मुलं-मुली आणून बसवली होती. बिचारी वाईट नव्हती. पडद्यावर जे लिहून येईल ते वाचायची.

"कृपया आपल्या पंपाचा अनुक्रमांक सांगा."

"आवं, पंप बोअरात हाय. नंबर वाचाया मी आत उतरू का?"

"कृपया अनुक्रमांकाशिवाय तक्रार नोंदवता येणार नाही."

"व्हय, मग थांबा, दोरी आणतो!"

मला हसू आवरेना. दुसरा एक जण सांगत होता की मोटारीनं पाइपात हवा धरलीय, आणि मुलगी विचारत होती, हवा म्हणजे हवामानाची तक्रार आहे का. तिसऱ्यानं विजेच्या डीपीवरून एक फेज गेल्याचं सांगितलं, तर त्याला कळवण्यात आलं की तंत्रज्ञ आपल्याशी संपर्क साधतील, धन्यवाद. कट. चार मिनिटांच्या आत. प्रत्येक वेळी असा फोन कटला की मी मनात म्हणायची, हा आपला. हा परत फोन करणार. हाही आपला. तिकडं माणूस पाण्यासाठी तळमळतोय आणि इकडं मला उकळ्या फुटताहेत, हे मला कळत होतं आणि तरी फुटत होत्या. भांडणात पडलं की असंच होतं.

एक गोष्ट मात्र मी पाहिली आणि तिचा विचार केला नाही. आमच्या बायका सारख्या उठत होत्या. एक आली की दुसरी बाथरूमला. दुसरी आली की तिसरी पाण्याची बाटली घेऊन बाहेर. मला वाटलं, दिवसभर बोलायची सवय असलेल्या बायका गप्प बसल्या की पोटात काहीतरी होत असणार. फर्दापूरची तर जिन्यातच असायची, मोबाइल कानाला लावून, भिंतीकडं तोंड करून. मला वाटलं, मुलीशी बोलत असेल. हळहळलेसुद्धा मी.

आठवडा संपला आणि आम्ही कामगार खात्यात निकाल ऐकायला गेलो. चाचा, मी, फर्दापूरची आणि आणखी दोघी. कंपनीच्या अधिकाऱ्यानं कागद काढला आणि वाचला. परत आलेले फोन बोटांवर मोजण्याइतके होते. मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मी म्हटलं, हे खोटं आहे, मी स्वतः ऐकलंय, एकाही माणसाला धड उत्तर मिळालेलं नाही. साहेबांनी यंत्रातली नोंद स्वतः तपासली. खोटं नव्हतं. फोन खरोखरच परत आलेले नव्हते.

मी मान वळवून आमच्या बायकांकडं पाहिलं. तिघीही आपापल्या चपलांकडं बघत होत्या.

त्या चपला बघण्यानं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी साहेबांकडं पाच मिनिटं मागून घेतली आणि चाचांना व त्या तिघींना बाहेर व्हरांड्यात नेलं. काय ते बोला, म्हटलं. फर्दापूरचीच आधी म्हणाली, "फोन कटला ना ताई. पाणी यायच्या आधीच कटला."

"मग?"

"मग काय. पडद्यावर नंबर दिसत होता. मी जिन्यात जाऊन आपल्या मोबाइलवरून लावला. म्हटलं, दादा, मगाशी तुम्ही फोन केला होता ना..."

दुसरी एकदम म्हणाली, "तू पण?" आणि तिसरीनं तोंडावर हात ठेवला. प्रत्येकीला वाटत होतं आपण एकटीच करतोय. एकीनं एकाला सांगितलं तर काय बिघडतंय, बाकीचे आहेतच की परत फोन करायला. असं करत करत सगळ्या हॉलनं सगळा आठवडा बाथरूममध्ये, जिन्यात आणि पाण्याच्या टाकीमागं उभं राहून शेतकऱ्यांच्या मोटारी चालू करून दिल्या होत्या. आपल्याच हातानं. कंत्राटदाराच्या नावावर.

मी भडकलेच. मी म्हटलं, एक आठवडा! एक आठवडा त्यांच्या मोटारी बंद राहिल्या असत्या तर काय आभाळ कोसळलं असतं? फर्दापूरची रडायला लागली आणि रडत रडतच म्हणाली, "त्यो म्हातारा होता ताई. जनावरं तहानलेली होती. मला ऐकू येत होती."

चाचांनी कपाळावर हात मारून घेतला, आणि मग त्यांचा चेहरा बदलला. "अरे, पण हाच तर सबूत आहे! तक्रारी मिटवल्या कोणी? आपल्या पोरींनी. चला, आत जाऊन सांगू." माझ्याही जिवात जीव आला. खरंच की! मोबाइलमध्ये सगळे फोन होते, वेळेसकट. याहून मोठा पुरावा काय हवा?

आणि मग एकदम सगळ्यांनाच ते आठवलं. ग्राहकाचा नंबर स्वतःच्या मोबाइलवर घ्यायचा नाही, हा नोकरीतला पहिला नियम. घेतला तर थेट बडतर्फी. आम्ही प्रत्येकीनं लागतानाच त्यावर सही केलेली. म्हणजे आत जाऊन खरं सांगितलं तर कदाचित विभाग वाचेल, पण त्यात बसायला आमच्यातली एकही उरणार नाही. न सांगितलं तर विभाग जाईल, पण कंपनीनं साहेबांपुढं आधीच कबूल केलं होतं, बायकांना कारखान्यातच दुसरीकडं सामावून घेऊ.

मी म्हणत होते, सांगू या. होऊ दे काय व्हायचं ते. साहेब चांगले आहेत, समजून घेतील. चाचा नखं खात उभे होते. फर्दापूरची माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "नका ना सांगू, ताई. विभाग गेला तर गेला. मला कारखान्यात कुठं पण टाकू द्या, झाडायला टाकू द्या. बडतर्फ झाले तर पोरीची शाळा संपली. तुम्हाला माहितीय." बाकीच्या दोघी तिच्या मागं जाऊन उभ्या राहिल्या.

आम्ही आत गेलो. साहेबांनी विचारलं, "युनियनला यावर काही म्हणायचं आहे?" सगळी खोली माझ्याकडं बघत होती. कंपनीचा अधिकारी तर असा बघत होता, जणू त्याला उत्तर आधीच माहीत आहे. तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला.

मी म्हटलं, "नाही, साहेब."

आयुष्यभर बोलून पोट भरलं मी. दोनच शब्द बोलायला इतके जड कधी गेले नाहीत.

विभाग बंद झाला. आम्हाला पॅकिंगमध्ये टाकलं. युनियनच्या फलकावर लागलं की एकाही कामगाराची नोकरी गेली नाही, आणि लोकांनी चाचांना हार घातला. मला तो हार बघवेना. मी चाचांना तोंडावर म्हटलं, हार कशाचा? ते म्हणाले, "ताई, काम तो बचा ना." काम! सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोके पुढं सरकत यायचे आणि मी प्रत्येक खोक्यावर एक स्टिकर लावायची. स्टिकरवर काय, तर ग्राहक सेवेचा नवा नंबर. तक्रारीसाठी इथं संपर्क साधा. मी माझ्याच हातानं तो सगळ्या महाराष्ट्रात पाठवत होते. तिरका लागला तर सुपरवायझर म्हणायचा, "सरळ लावा, मॅडम."

फर्दापूरचीला पॅकिंगची पहिली पाळी मिळाली. मुलीला शाळेत सोडायच्या आधीच कंपनीची बस निघायची. शेजारणीवर किती दिवस ढकलणार? तिनं पाळी बदलून मागितली, मीही तिच्यासाठी भांडले. पाळी बदलली नाही. काही महिने तिनं ओढाताण केली आणि मग एक दिवस खोली रिकामी केली. फर्दापूरला जाणाऱ्या एसटीत तिला बसवायला मी गेले होते. मुलगी खिडकीशी बसली होती आणि माझ्याशी बोलायला तयार नव्हती. म्हणजे जिच्यासाठी मी तोंड बंद ठेवलं, तिलाही काही मिळालं नाही. मी घरी येऊन भांडी इतकी आपटली की नवरा न जेवताच बाहेर फिरायला गेला.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, चहाच्या सुट्टीत, माझं डोकं फिरलं. दिवसभर जो नंबर चिकटवते, तो मी लावला. म्हटलं, बघू तरी. पलीकडून नमस्कार झाला. मी पैठणकडच्या एका गावाचं नाव सांगितलं, म्हटलं, मोटार चालू होईना, नुसती गुणगुण करायलीय. अनुक्रमांक विचारला. माहीत नाही म्हटलं. तक्रार नोंदवली आहे, संपर्क साधू, धन्यवाद. कट. मी चहा संपवला आणि परत स्टिकरला बसले. त्यांच्यात काहीच सुधारलेलं नव्हतं, याचं मला कडू समाधान वाटलं.

पाळी सुटल्यावर मी बजाजनगरात भाजी घेत होते, तेव्हा मोबाइल वाजला.

"नमस्कार ताई. मगाशी तुम्ही फोन केला होता ना, मोटारीचं..."

त्या नमस्कारालाच मी ओळखलं. कितीतरी वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवरून तो ऐकला होता. मी म्हटलं, "अगं, तू?"

पलीकडं पर्यटकांच्या बसचा हॉर्न ऐकू आला. मग ती हळूच म्हणाली, "ताई, मी घरून करते आता. कंत्राटदाराचं. नंबर दिसत नाय आम्हाला, त्यांची यंत्रणाच लावून देते. आपल्या भागातले जे फोन नीट मिटत नाहीत ते आम्हाला देतात. आपल्या चौघी-पाचजणी आहेत. दर फोनमागं पैसे. पगार नाय."

"तुम्हाला कुणी शोधलं?"

"त्यांना माहितीच होतं की." ती सांगू लागली. "त्या आठवड्यातच कळलं होतं. एका शेतकऱ्यानं परत फोन करून सांगितलं म्हणे, तुमच्या ताईंनी नंतर समजावलं, लई उपकार झाले. कंपनीला पण कळलं होतं. मला नेमताना कंत्राटदाराच्या साहेबांनीच हसत हसत सांगितलं."

मी भाजीवाल्याच्या हातगाडीला धरून उभी राहिले. त्यांना माहीत होतं. खोलीत बसून कागद वाचताना माहीत होतं. जे लपवण्यासाठी मी गप्प बसले ते त्यांच्या खिशात होतं, आणि त्यांनी ते वापरलं नाही, कारण आमच्या भीतीनंच त्यांचं काम फुकट होत होतं. मला तिच्यावर ओरडायचं होतं, चाचांवर ओरडायचं होतं, त्या म्हाताऱ्यावर, त्याच्या जनावरांवर. त्याऐवजी मी फोन कानाला लावून तिच्याकडचे हॉर्न ऐकत राहिले, पूर्वी शेतातल्या साळुंक्या ऐकायचे तशी.

मग ती म्हणाली, "आणि मोटार?"

"मोटार नाहीये गं माझ्याकडं."

ती हसली, जुन्यासारखी. मग म्हणाली, "चार मिनिटं व्हायला आलीत, ताई. पुढं गेलं की त्या फोनचे पैसे मिळत नाहीत."

"मग ठेव ना."

"मला नाय ठेवता येत," ती म्हणाली. "तुम्ही ठेवा."

मी ठेवला.